मदत हवी आहे: 'गो'चं 'वेन्ट' का होतं, आणि 'डिड' आलं की ते का चालत नाही?

नमस्कार मंडळी,

माझी भाची आठवीत, सेमी इंग्रजीला आहे. तिचा इंग्रजीचा अभ्यास मी घेतो. वॉकचं वॉक्ड, प्लेचं प्लेड तिला येतं. टेकचं टुक, राइटचं रोटही ती मान्य करते, निदान सुरुवातीचा आवाज तरी तोच राहतो. पण गोचं वेन्ट? "मामा, गोएड का नाही?" यावर "पाठ कर" म्हणणं माझ्या जिवावर येतं. पोर विचार करणारी आहे. कारण कळलं की विसरणार नाही.

दुसरी अडचण वापराची. 'आय वेन्ट' बरोबर लिहिते, पण नकार आला की हमखास 'आय डिडन्ट वेन्ट'. दुरुस्त केलं तरी पुढच्या निबंधात पुन्हा तेच. कसं समजावू?

प्रतिसाद १

भाचीची शंका रास्त आहे. वेन्ट हे मुळात गोचं रूपच नाही. वेन्ड नावाचं वेगळं क्रियापद होतं, वळणे, वाट धरणे अशा अर्थाचं. सेन्डचं सेन्ट, बेन्डचं बेन्ट, तसं वेन्डचं वेन्ट. जुन्या इंग्रजीत गोच्या भूतकाळाला 'एओदे' असं तिसरंच रूप होतं. ते मागे पडत गेलं आणि १५व्या शतकाच्या सुमारास ती जागा वेन्टने घेतली. तिचं गोएडही अगदी हवेतलं नाही. स्कॉट्स भाषेत 'गे'चं 'गेड' होतं, आणि इंग्रजी मातृभाषेची लहान मुलं बोलायला शिकताना गोएड म्हणतातच.

आता तिला विचारा, 'मी जातो'चं 'मी गेलो' कसं झालं? जाणे आलं संस्कृत 'या' धातूपासून, गेला आलं 'गत'वरून. तिथेही दोन वेगळ्या धातूंचा संसार आहे, फक्त आपल्याला तो जन्मापासून सवयीचा. रोजच्या वापरातली क्रियापदंच अशी वाकडी राहतात, कारण ती सतत कानावर पडतात आणि जशीच्या तशी पुढच्या पिढीकडे जातात.

प्रतिसाद २

मी इंग्रजी शिकवते, म्हणून 'डिडन्ट वेन्ट'बद्दल. ही चूक मराठीतून येते. आपण 'गेलो'ला नुसतं 'नाही' जोडतो: 'मी गेलो नाही'. भूतकाळ क्रियापदातच राहतो. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की तो डिड स्वतःकडे घेतो, आणि मागे साधं गो उरतं: आय डिडन्ट गो, व्हेअर डिड यू गो? एकाच वाक्यात भूतकाळ दोनदा दाखवायचा नाही.

एक जागा मात्र वेगळी. 'कोण गेलं?' विचारताना हू हाच कर्ता असतो, तिथे डिड लागत नाही: हू वेन्ट? हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती तिथेही डिड घालेल.

लिहून घेण्याआधी तोंडी सराव करा. तुम्ही 'वेन्ट'चं वाक्य म्हणा, तिने लगेच नकार आणि प्रश्न करायचा. जीभ वळली की वहीत आपोआप उतरतं.

धागाकर्ता

ताई, दादा, मनापासून आभार. जातो-गेलो ऐकून ती कितीतरी वेळ मराठी क्रियापदंच तपासत बसली होती! आणखी एक: 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे' सर्रास ऐकू येतं. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद २

नुसतं एवढंच सांगायचं असेल तर नाही. तिथे 'आय वेन्ट' हवं. आपण 'काल पुण्याला गेलो होतो' म्हणतो, त्यातला 'होतो' हॅड बनून येतो. हॅड गॉन तेव्हा, जेव्हा भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची सांगायची असते: 'मी पोचलो तोवर बस गेली होती.'

गॉन शिकवताना बीनही शिकवा. 'बाबा पुण्याला गेलेत', म्हणजे अजून तिकडेच आहेत: हॅज गॉन. 'बाबा पुण्याला जाऊन आलेत': हॅज बीन टू पुणे. आपल्या 'जाऊन येणे'मुळे हा फरक मराठी मुलांना पटकन कळतो.