मदत हवी आहे: मर्ज झालेल्या जुन्या ब्रँचेस रिमोटवरून कशा काढायच्या?

मंडळी, आमच्या गिट रेपोमध्ये (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवायची जागा) रिमोटवर, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रतीत, २१४ ब्रँचेस (कामाच्या वेगळ्या शाखा) साठल्यात. वापरणारे सहा जण, साफसफाई करणारं कुणीच नाही. नावं बघा: 'लॉगिन-फिक्स', 'लॉगिन-फिक्स-२', 'लॉगिन-फिक्स-फायनल'. तिसरी माझीच.

काल मर्ज झालेल्या, म्हणजे मुख्य शाखेत मिसळलेल्या, रिमोट ब्रँचेस दाखवणारं 'गिट ब्रँच -आर --मर्ज्ड' चालवलं, तर जेमतेम ३१ दिसल्या. कारण लक्षात आलं: गेल्या वर्षापासून आम्ही स्क्वॉश मर्ज करतो, म्हणजे ब्रँचचे सगळे कमिट (नोंदवलेले बदल) एकत्र करून मिसळतो. त्यात मेनवर (मुख्य ब्रँचवर) एक नवाच कमिट तयार होतो, ब्रँचचे मूळ कमिट मेनच्या इतिहासात येतच नाहीत. मग गिटला ती मर्ज झालीय हे कळणार कसं? 'गिट चेरी'ने (कमिटमधला बदल मेनवर आधीच आहे का ते तपासणारी कमांड) एकेका कमिटच्या ब्रँचेस सापडल्या, चार-पाच कमिटवाल्या नाहीत. 'फेच --प्रून' तर फक्त आपल्या मशीनवरचे मेलेले संदर्भ काढतं, सर्व्हरवरचा पसारा तसाच.

तर स्क्वॉश झालेल्या ब्रँचेस ओळखायची खात्रीची रीत कुणाकडे आहे का? मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टची (ब्रँच मेनमध्ये घ्या अशा विनंत्यांची) यादी काढून नावं जुळवू, की ज्याला-त्याला विचारत बसू? दोघं तर नोकरी सोडून गेलेत. आणि डिलीट करण्याआधी शेवटच्या कमिटला टॅग (नावाची खूण) लावून ठेवला तर पुरेल ना? चुकून रिलीजची ब्रँच उडाली तर आमचे लीड मला सोलून काढतील.