मस्क आणि कस्तुरीमृग

साबणावर वा अत्तराच्या बाटलीवर ‘मस्क’ (म्हणजे कस्तुरी) लिहिलेले असले म्हणजे त्यासाठी कस्तुरीमृगाचा बळी गेला असेल, ही अनेकदा व्यक्त होणारी शंका आजच्या उत्पादनांबाबत बहुधा निराधार ठरते. १८८८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट बाऊर यांना स्फोटकांवर संशोधन करताना कस्तुरीगंधी नायट्रो संयुग योगायोगानेच सापडले आणि कृत्रिम मस्कची वाट खुली झाली. काळजी करायचीच, तर ती वेगळ्या कारणासाठी करावी: गॅलॅक्सोलाइडसारखी कृत्रिम मस्क संयुगे पाण्यात फारशी विरघळत नाहीत, म्हणूनच त्यांचा वास धुतलेल्या कपड्यांवर टिकतो, मात्र याच गुणामुळे ती सांडपाण्यातून नद्यांत आणि तेथून माशांच्या चरबीतही पोहोचतात. प्रकाशामुळे उद्भवणाऱ्या ॲलर्जीस कारण ठरलेल्या मस्क अँब्रेट या कृत्रिम मस्कवर तर युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत बंदीच घातली आहे. शिवाय काहींना विशिष्ट मस्कचा वास मुळीच येत नाही, त्यामुळे ‘अत्तर टिकत नाही’ या तक्रारीत दोष दर वेळी अत्तराचा नसतो.