प्रतिसाद: 'अ‍ॅप्रिहेन्ड' म्हणजे फक्त अटक?

एका ठिकाणी इंग्रजी 'अ‍ॅप्रिहेन्ड' (apprehend) या शब्दाचा अर्थ 'अटक करणे' एवढाच दिलाय, तो अपुरा आहे. मूळ लॅटिन 'प्रेहेंडेरे', म्हणजे हाताने धरणे. हाताने धरलं तर अटक, बुद्धीने धरलं तर आकलन (आपल्या 'ग्रहण'सारखंच), आणि पुढचं संकट मनाने आधीच धरलं तर धास्ती. अटकपूर्व जामिनाचं कलम बघा, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४३८. त्याच्या शीर्षकात 'पर्सन अ‍ॅप्रिहेन्डिंग अरेस्ट' आहे. इथे अटक करणारा पोलीस अभिप्रेत नाही, अटकेची भीती असलेला माणूस आहे! वकिलीच्या विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगायला हवं. 'प्रिझन' आणि 'अ‍ॅप्रेंटिस'ही याच धातूचे. एक धरून ठेवण्याची जागा, दुसरा विद्या धरणारा. फार सुंदर कुटुंब आहे हे.