ट्री टेबलमध्ये बीओएम दाखवताना ब्राउझर गोठतो: सर्व्हरकडून डेटा कसा मागवावा?

प्रश्न (महापे, नवी मुंबई)

नमस्कार. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आमच्या कारखान्यात सेंट्रिफ्यूगल पंप तयार होतात. खरेदी, स्टोअर्स आणि जुळणी या विभागांसाठी मी पंपांची बीओएम (कोणत्या भागाखाली कोणते भाग किती लागतात याची यादी) ओपनयूआय५ या जावास्क्रिप्ट संचाच्या ट्री टेबलमध्ये, म्हणजे उघडता-मिटता येणाऱ्या ओळींच्या तक्त्यात, दाखवत आहे. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. जोडणीच्या टेबलात वरचा भाग, खालचा भाग आणि लागणारे नग एवढेच स्तंभ आहेत. सर्व्हर सगळ्या पंपांची उतरंड एकाच जेसनमध्ये (डेटा पाठवण्याच्या मजकुरी स्वरूपात) पाठवतो. चाचणीच्या वेळी हे ठीक चालले, पण आता सुमारे ४०,००० ओळी झाल्या असून पान उघडताना ब्राउझर गोठतो.

दुसरी अडचण अशी की, पान ताजे केल्यावरही उघडलेल्या ओळी उघड्याच राहाव्यात म्हणून मी त्यांचे भाग क्रमांक साठवून ठेवतो. मात्र त्यानंतर एका पंपाखालचा मेकॅनिकल सील (शाफ्टजवळची गळती रोखणारा भाग) उघडलेला असेल, तर इतर पंपांखालचे सीलही उघडलेले दिसतात. स्टोअर्समधील मंडळी यामुळे गोंधळतात आणि चुकीच्या पंपाखालची ओ-रिंग (सीलमधील रबरी कडी) काढतात. मांडणी कोठे चुकते आहे?

उत्तर १ (वागळे इस्टेट, ठाणे)

हे टेबल पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी रेखाटते आणि सरकवताना त्याच ओळी पुन्हा वापरते, त्यामुळे रेखाटनावर वेळ घालवू नका. भार आहे तो एवढे मोठे जेसन तयार करण्याचा, पाठवण्याचा आणि ब्राउझरमध्ये उलगडण्याचा. सुरुवातीला फक्त वरच्या पातळीवरचे पंप पाठवा आणि एखादी ओळ उघडली की तिच्या थेट खालचे भाग मागवा.

यासाठी प्रत्येक ओळीसोबत तिच्याखाली काही आहे की नाही, हे सर्व्हरनेच सांगायला हवे, अन्यथा ओळ उघडण्याचा बाण दाखवायचा की नाही हे टेबलाला कळत नाही. सर्व्हरकडून डेटा मागवण्यासाठी ओडेटा व्ही२ ही पद्धत वापरल्यास ओळीची ओळख, पालकाची (वरच्या ओळीची) ओळख, पातळी आणि उघडबंद स्थिती अशा चार खुणा मेटाडेटात, म्हणजे डेटाच्या वर्णनात, द्याव्या लागतात. स्थितीचे मूल्य एक्सपांडेड (उघडी), कोलॅप्स्ड (मिटलेली) किंवा लीफ (खाली काही नसलेली) असते. ही स्थिती ठरवताना मुले, म्हणजे थेट खालच्या ओळी, मोजत बसू नका. एक मूल आहे का, एवढे एसक्यूएलच्या एक्झिस्ट्सने विचारणे पुरेसे असते.

वरच्या भागाच्या स्तंभावर इंडेक्स (ओळी पटकन शोधण्याची सूची) आहे का, तेही पाहा. पोस्टग्रेस प्रायमरी कीवर (ओळीच्या मुख्य ओळखीवर) इंडेक्स आपोआप करते, फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलातील ओळीकडे निर्देश करणाऱ्या) स्तंभावर करत नाही. आमच्याकडे ओळ उघडायला लागणारा वेळ याच एका कारणाने वाढला होता, आणि आम्ही मात्र दोन दिवस जावास्क्रिप्ट तपासत होतो.

उत्तर २ (ऐरोली)

सीलचा दोष वेगळा आहे आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे. बीओएम पडद्यावर झाडासारखी दिसते, पण डेटाबेसमध्ये ती झाड नसते, कारण एकच सील अनेक पंपांखाली येतो. म्हणून भाग क्रमांक ही ओळीची ओळख होऊ शकत नाही. मुळापासूनचा पूर्ण मार्ग, म्हणजे पंप, त्याखालची शाफ्ट जुळणी, त्याखालचा सील, असा जोडून ओळख तयार करा आणि उघड्या ओळी त्याच ओळखीने साठवा. एकाच पालकाखाली तोच भाग दोनदा येत असेल, तर जोडणीच्या टेबलातील प्रत्येक ओळीला क्रमांक द्या आणि मार्गात भाग क्रमांकाऐवजी तो घ्या.

एकूण नगही याच मार्गाने निघतात. जुळणीत २ सील आणि प्रत्येक सीलमध्ये ३ ओ-रिंग असतील, तर त्या पंपाला ६ लागतात. हा गुणाकार सर्व्हरवरच करावा, कारण न उघडलेल्या ओळी ब्राउझरकडे नसतात.

रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे पातळीमागून पातळी खाली जाणारी क्वेरी, लिहिताना चक्राची काळजी घ्या. कोणी चुकून जुळणीखाली तीच जुळणी नोंदवली, तर युनियन ऑलने लिहिलेली क्वेरी थांबतच नाही. पोस्टग्रेस १४ पासून त्यासाठी सायकल हे चक्र ओळखणारे कलम मिळते. तरीही अशी नोंद जतन होतानाच अडवणे मला अधिक योग्य वाटते.

उत्तर ३ (ठाणे पूर्व)

शोधाचा विचार आताच करून ठेवा. खरेदी विभागातील व्यक्ती ‘६२०५ बेअरिंग’ शोधेल तेव्हा नुसती बेअरिंगची ओळ दाखवून उपयोग नाही. ती कोणत्या पंपात बसते हे समजण्यासाठी वरचे सर्व पालक सोबत यायला हवेत. मुले टप्प्याटप्प्याने आणल्यावर ब्राउझरमधील गाळणी अर्धवट डेटावर चालते आणि ‘सापडले नाही’ असे खोटे उत्तर देते. शोध सर्व्हरवरच ठेवा.

प्रश्नकर्ता (महापे)

सर्वांचे मनापासून आभार. इंडेक्स खरोखरच नव्हता. तो घातला आणि मार्गावर आधारित ओळख केल्यावर सील आता ज्या पंपाखाली उघडला तेथेच उघडा राहतो. सायकल कलम लावून जुनी नोंद तपासली, तेव्हा एक कपलिंग स्वतःच्याच खाली नोंदवलेले सापडले. ते दुरुस्त करण्यासाठी डिझाइन विभागाकडे पाठवले आहे. शोधाचे काम सोमवारी हाती घेतो.