मदत हवी आहे : जुन्या आरएक्स-८ चा कॉम्प्रेशन रिपोर्ट कसा वाचायचा?

मंडळी, जपानमध्ये माझदाची २००९ ची आरएक्स-८ (मॅन्युअल) विकत घ्यायला बघतोय. इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरतात. विक्रेत्याने रोटरी टेस्टरचा (प्रत्येक रोटरच्या तीन कप्प्यांतलं कॉम्प्रेशन, म्हणजे दाब, मोजणारं यंत्र) रिपोर्ट दिलाय, इंजिन गरम असतानाचा. पुढचा रोटर ७६०, ७५०, ७५५ किलोपास्कल. मागचा ६९५, ६८५, ६९०. किमान मर्यादा ६८०, पण ती २५० आरपीएमला. रिपोर्टवर क्रँकिंग (स्टार्टरने इंजिन फिरवण्याचा वेग) २८५ लिहिलंय आणि आकडे २५० च्या हिशोबाने दुरुस्त केलेत की कच्चे, याचा पत्ताच नाही. स्टार्टर जोरात फिरला की आकडा फुगतो, म्हणजे कच्चे असतील तर मागचा रोटर मर्यादेखाली गेलाच म्हणायचा.

दोन रोटरमधला फरक १०० च्या आत आहे, पण मागच्याचे तिन्ही कप्पे सारखेच खाली. एकच अपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) गेलं असतं तर तिन्ही आकडे असे जुळले नसते. मग साइड सील (रोटरच्या बाजूच्या पट्ट्या), की ऑइल मीटरिंगमध्ये (सीलना तेल पुरवणारी यंत्रणा) गोची? २००८ नंतरच्या गाड्यांत प्रत्येक रोटरला तीन ऑइल इंजेक्टर आहेत, तरी हे व्हावं?

गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा स्टार्ट करून बघणारच आहे. इग्निशन कॉइल बदलायला लागतीलच, ते धरून चाललोय. रोटरी म्हणून जपानमध्ये १३०८ सीसीला दीडपट धरून टॅक्स दोन लिटरचा, शिवाय १३ वर्षांवरचा वाढीव, तेही माहितीये.

२८५ वरून २५० ला नेण्याचा तक्ता कोणाकडे आहे का?