मदत हवी आहे: जपानीत ज्येष्ठ कारागिराच्या कसबाला दाद कशी द्यायची?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा चाकणचा. सध्या कंपनीच्या ट्रेनिंगसाठी नागोयात आहे. जपानी म्हणाल तर भाषापरीक्षेची एन-४ ही पातळी कशीबशी काढलीय.

आमच्या शॉपमध्ये एक आजोबा चाळीस वर्षं 'किसागे' करतायत, म्हणजे मशीनच्या बेडचं हाताने स्क्रेपिंग. सरफेस प्लेटला आपल्या शेंदरासारखा रंग लावायचा, ती बेडवर घासायची आणि जिथे रंग लागेल तो उंचवटा पोलादी पात्याने खरवडायचा. सगळा हिशोब मायक्रॉनचा. पात्याचा दांडा पोटाशी टेकवून अख्खं अंग पुढे झोकतात, पण निघतो तो चुऱ्याएवढा कीस.

पहिल्याच आठवड्यात मी भारावून 'ओजोझु देस ने', म्हणजे 'छान जमतं हं तुम्हाला', म्हणून बसलो. आजोबा 'इया इया, मादा मादा' (छे छे, अजून कुठे) म्हणत हसले, पण शेजारच्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, मोठ्यांना असं म्हणू नये. का ते त्याला नीट सांगता येईना.

आता ते रिटायर होतायत. 'शिकिशी' फिरतेय, म्हणजे तो चौकोनी जाड पुठ्ठा, ज्यावर सगळे निरोपाच्या दोन ओळी लिहितात. शुक्रवारपर्यंत माझी पाळी येईल. डिक्शनरीत तेन्साइ, मेइजिन, तात्सुजिन, कियो असे ढीगभर शब्द सापडले. कुठला चालेल?

प्रतिसाद १
कियो अजिबात नको. त्याचा अर्थ हाताने चपळ, सगळं जमणारा. शब्द वाईट नाही, पण त्यालाच जोडून 'कियोबिंबो' येतो: सगळं थोडं थोडं येतं म्हणून कशातच वर न गेलेला. आपलं 'एक ना धड'. चाळीस वर्षं एकच काम केलेल्या माणसाला हे कशाला?

तेन्साइ म्हणजे उपजत प्रतिभा. घासून कमावलेल्या हाताला तो शब्द लावला की मेहनत पुसली जाते. मेइजिन हा गो आणि शोगी या खेळांमधला किताबही आहे, त्यामुळे जरा नाटकी वाटेल. आणि कौतुकाच्या भरात 'निंगेन कोकुहो' (जिवंत राष्ट्रीय ठेवा) लिहू नका, तो १९५० च्या सांस्कृतिक वारसा कायद्यातून आलेला मान आहे!

प्रतिसाद २
खरी अडचण शब्दाची नाहीच. 'जोझु' म्हटलं की तुम्ही परीक्षक झालात. सवाईत बुवांचं गाणं ऐकून शिकाऊ पोराने 'बरं गाता हं' म्हणावं, तसं. स्वतःबद्दलही जोझु म्हणत नाहीत, तिथे 'तोकुइ' (हातखंडा) म्हणतात. आणि 'उमाइ' (भारी!) दोस्तांत ठेवा.

मोठ्यांच्या कामाला गुण द्यायचे नाहीत, आपल्याला काय मिळालं ते सांगायचं: 'ताकुसान बेंक्यो सासेते इतादाकिमाशिता', तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं.

प्रतिसाद १
+१. कसबाचा उल्लेख हवाच असेल तर 'शोकुनिनवाझा' घाला, म्हणजे कारागिराची करामत. ती जवळून बघायला मिळाली असं लिहा, म्हणजे निवाडा केल्यासारखं होत नाही. 'उदे गा इइ'ही ऐकाल, शब्दशः 'हात चांगला आहे', पण ते त्यांच्या माघारी, दुसऱ्याला सांगताना. (उदे म्हणजे हात, अंबाबाईशी संबंध नाही.)

प्रतिसाद ३
तिथे जुने लोक 'वाझा ओ नुसुमु' म्हणतात, कसब चोरणं. उस्ताद हाताला धरून शिकवत नाही, तुम्ही बघून चोरायचं. समोरासमोर म्हणा, खूश होतील. पुठ्ठ्यावर मात्र नको, पुढे वाचणारा भलताच अर्थ काढेल.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार! बेंक्योवालं वाक्य नक्की केलं. त्याच्या खाली देवनागरीत 'तुमच्या हातात कसब आहे' लिहिलं तर चालेल का? तिथे कुणाला वाचता येणार नाही म्हणून विचारतोय.

प्रतिसाद २
बिनधास्त लिहा. अर्थ विचारतीलच. तेव्हा नुसतं त्यांच्या हाताकडे बोट दाखवा.