मदत हवी आहे: मिनी लेथ टेपर मारतोय (एक टोक जाड, एक बारीक), शाफ्ट अडलाय

लोखंडवेडा
नमस्कार मंडळी. मॉडेल स्टीम इंजिनाच्या फ्लायव्हीलचा शाफ्ट करतोय. दोन्ही टोकांना ६००१ बेअरिंग (१२ मिमी भोकाचं) बसवायचंय. एका टोकाला बेअरिंग अलगद सरकतं, दुसऱ्या टोकाला चढतच नाही. तिसरा बार वाया गेला. टूलला नवी धार लावली, जिब (स्लाइडचा ढिलेपणा घालवणाऱ्या पट्ट्या) आवळल्या, फीड कमी केला, तरी तेच. आठ महिन्यांचं काम या एका शाफ्टपाशी थांबलंय आणि रविवारी घरच्यांना इंजिन चालवून दाखवायचं कबूल केलंय. नेमकं कुठे काय फिरवायचं ते लवकर सांगा.

धायरीकर
मटेरियल काय? चकच्या (बार धरणाऱ्या पकडीच्या) बाहेर किती? टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) लावलाय का? आणि कुठलं टोक जाड आहे?

इन्सर्टवाला
एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल सोडा. सीसीएमटी ०६०२०४ इन्सर्टचा (बदलता येणाऱ्या कार्बाइड पातीचा) होल्डर घ्या. मी घेतला तेव्हापासून ग्राइंडरपाशी गेलेलो नाही. धारेची कटकटच मिटते.

टर्नरकाका
भोसरीत चौतीस वर्षं लेथवर काढली आहेत म्हणून सांगतो, नवीन माणसाला इन्सर्ट देऊ नका. त्या कडेला मुळात बारीक गोलाई असते. छोट्या लेथवर पाच-दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) कट घ्यायला गेलात की ती कापत नाही, घासते आणि बारीक जॉबला (कापायच्या बारला) ढकलते. एचएसएसचा तुकडा हाताने घासा, कोन बोटांना कळू द्या.

इन्सर्टवाला
काका, ॲल्युमिनियमसाठीची पॉलिश केलेली सीसीजीटी वापरून बघा. तिची कड तीक्ष्ण असते आणि एमएसवर हलका कट सुरेख घेते. नोकरीवरून आल्यावर रात्री दोन तास मिळतात, ते धार लावण्यात घालवायचे का?

टर्नरकाका
हो, घालवायचे. पहिलं वर्ष तरी.

लोखंडवेडा
अहो, प्रश्न इन्सर्टचा नाहीये! १६ मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) ब्राइट बार आहे, १२ वर आणायचाय, लांबी १२०. मागे टेलस्टॉकमध्ये फिरता सेंटर (बारच्या टोकाला टेकणारं अणकुचीदार टोक) आहे, एवढ्या लांबीला तो असणारच ना. दोन टोकांत ०.०६ चा फरक येतोय, व्हर्नियरने मोजलाय.

मापनप्रेमी
व्हर्नियरचं लीस्ट काउंट (दिसणारं सर्वात लहान माप) ०.०२ आणि साध्या ६००१ च्या भोकाचा टॉलरन्स (मापातली मान्य सूट) शून्य ते उणे ८ मायक्रॉन. म्हणजे जे मापायचंय ते तुमच्या मापकाच्या एका घरातच हरवतं. टेपर आहे एवढं व्हर्नियर सांगेल, बेअरिंग बसेल का हे सांगणार नाही. ०–२५ चा मायक्रोमीटर आधी मिळवा. आणि जॉब गार झाल्यावर मापा. कारखान्यातली मापं २० अंश तापमानाला धरलेली असतात. १२ चा स्टील बार ३० अंशांनी तापला की व्यास साधारण ४ मायक्रॉनने वाढतो, म्हणजे तुमचा अर्धा टॉलरन्स तिथेच गेला. मी सुरुवातीला गरम जॉबवर अगदी बरोबर माप आणून खूश व्हायचे आणि सकाळी बेअरिंग सैल निघायचं.

पेठकर
मायक्रोमीटर पुण्याच्या जुन्या बाजारात बघा, बुधवारी किंवा रविवारी. मला मिटुटोयो कंपनीचा एक जुना मिळाला. घेताना जबडे पूर्ण मिटवून शून्य जुळतंय का ते बघा आणि थिंबल शेवटपर्यंत फिरवून मध्ये कुठे अडकतंय का तेही.

कोथरूड_वर्कशॉप
मुळात टर्न का करताय? १२ चा ग्राउंड सिल्व्हर स्टील बार आणा, कापा, झालं.

लोखंडवेडा
मधोमध फ्लायव्हीलसाठी १४ चा खांदा आहे हो. आणि मला टर्निंग शिकायचंही आहे.

धायरीकर
हे आधी सांगायला हवं होतं. कुठलं टोक जाड आहे, हे अजूनही सांगितलेलं नाही.

लोखंडवेडा
टेलस्टॉककडचं.

लाकूडतोड्या
लेथ कशावर ठेवलाय? लाकडी टेबल असेल तर बेडला (लेथच्या लांब पायाला) पीळ पडतो. माझा लेथ जाड लोखंडी चॅनेलवर घेतला आणि टेपर गेला. बाकी काही करू नका.

टर्नरकाका
पीळ असू शकतो, पण आधी तपासा, मग टेबल तोडा. २५–३० चा जाड बार चकमध्ये धरा, ७०–८० बाहेर, सेंटर लावू नका. मधला भाग खाली घेऊन दोन्ही टोकांना पट्टे ठेवा. क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाला) हात न लावता दोन्ही पट्ट्यांवरून एकच हलका कट घ्या आणि मापा. फरक आला तर हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) तिरका किंवा बेडला पीळ. पट्टे सारखे आले तर दोष टेलस्टॉकचा.

टेलस्टॉककडे जाड म्हणजे सेंटर तुमच्यापासून लांब, पलीकडे सरकलाय. व्यासात ०.०६ म्हणजे सरकवायचं त्याच्या निम्मं, ०.०३, तुमच्या बाजूला. मॅग्नेटिक स्टँडवर डायल इंडिकेटर लावून टेलस्टॉकच्या स्लीव्हला टेकवा आणि मगच स्क्रू सैल करा. परत आवळताना डायल हलतोच, म्हणून आवळून झाल्यावरचं रीडिंग धरा. जॉब मध्यभागीही मापा. तिथे जाड आला तर तो टेपर नाही, जॉब लवतोय. कट कमी करा.

अभ्यासू
शिकायचंय असं लिहिलंय म्हणून सांगतो, चेन्नईच्या निमी संस्थेची आयटीआयसाठीची टर्नर ट्रेडची पुस्तकं घ्या. थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगळी येतात. व्हिडिओ बघून हात कळतो, पण कोन, स्पीड, फीड एका जागी पुस्तकातच मिळतात. माझा भाचा औंधच्या आयटीआयमध्ये टर्नर आहे, दोन वर्षांचा कोर्स.

लोखंडवेडा
काका, पट्ट्यांची चाचणी केली. शेजारच्या एकांकडून मायक्रोमीटर आणला. पट्ट्यांत ०.०१ पेक्षा कमी फरक. टेलस्टॉक ०.०३ अलीकडे घेतला. आवळताना दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. चौथा बार पूर्ण लांबीत ०.०१ च्या आत आलाय, टेलस्टॉककडे अजून किंचित जाड. उरलेलं एमरीने घेतो. तुमच्यामुळे झालं, मनापासून आभार.

टर्नरकाका
छान केलंत. एमरीची पट्टी बोटाला किंवा जॉबला गुंडाळू नका, दोन्ही टोकं वेगवेगळ्या हातांत सैल धरा. बेडवर कागद पसरा. तो चुरा सॅडलखाली (टूल वाहणाऱ्या सरकत्या भागाखाली) गेला तर बेडच्या पटऱ्या खाईल. झाल्यावर बेड पुसून तेलाचा हात फिरवा.